लोह गोदामात, टंचाई रक्तात

मावशीने कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काहून रे, एकाच कागदावर कमी बी लिहिलं अन् जास्त बी लिहिलं. मंग मानसानं खरं काय समजावं?"

महालातलं तिचं घर, मे महिन्यातली दुपार, कूलरचा आवाज. कागद म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ९.१. रक्तातलं लोह कमी, बाण खाली. दोन ओळी सोडून फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या साठवणीच्या लोहाची खूण, २४०. तिथे बाण वर. मावशीला अकरा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, सकाळी बोटं वळत नाहीत. आणि "रक्त कमी आहे" म्हणून दोन वर्षांपासून ती लोहाच्या गोळ्या घेते आहे. वरून बीट, खजूर, गूळ-फुटाणे, अळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली भाजी. "एवढं लोखंड गिळून राहिली मी, ते जाऊन कुठं राहिलं?"

मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न मला माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारला असता तर त्याला मी डोक्यावर घेतलं असतं. वैद्यकशास्त्राला नेमका हाच प्रश्न १९४०-५०च्या दशकांपासून छळत होता. जुनाट आजाराच्या माणसांत रक्तातलं लोह कमी सापडतं, पण साठ्यात ते भरपूर असतं, हे डॉक्टरांना दिसत होतं. का, ते सांगता येत नव्हतं. उत्तर मिळायला २००१ साल उजाडावं लागलं, आणि ते उत्तर म्हणजे यकृतात तयार होणारं एक इवलंसं संप्रेरक, हेप्सिडिन. अवघ्या २५ अमिनो आम्लांची साखळी. इन्सुलिनमध्ये ५१ असतात, म्हणजे त्याच्याही निम्मं. इन्सुलिन १९२१ पासून घराघरात माहीत आहे, हेप्सिडिनचं नाव मात्र अजून रिपोर्टवरसुद्धा येत नाही.

कबाडीवाल्यांचा कारभार

नागपूरकराला हे समजवायचं तर इतवारीतली लोहाओळी, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्यांची गल्ली, बरी. माझ्या डोक्यात तरी शरीराची लोहाओळी तशीच दिसते: गोदामं, गाड्या, कारखाने, आणि सगळ्यात महत्त्वाचे कबाडीवाले.

आधी हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं. हाडांच्या आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, हा कारखाना. तो दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी बनवतो आणि त्यासाठी त्याला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. आता गंमत पाहा. जेवणातून रोज रक्तात उतरणारं लोह फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं कुठून येतं?

भंगारातून. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, फोडतात, आतलं लोह काढतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. हेच आपले कबाडीवाले. रक्तात ते लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या गाडीवर चढतं आणि कारखान्यात पोचतं. थोडक्यात, आपण जेवणातल्या लोहावर जगतो असं आपल्याला वाटतं, पण रोजचा कारखाना चालतो तो जुन्या मालावर. बीट खाणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं, मला माहीत आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांवर, म्हणजे रक्तद्रवात, कोणत्याही क्षणी फक्त ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. रोजची गरज २०-२५ ची. भागाकार करा: रस्त्यावरचा माल दिवसातून सात-आठ वेळा बदलतो. म्हणजे कबाडीवाल्यांनी माल देणं थांबवलं तर काही तासांतच रस्ते रिकामे होऊ लागणार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी विचित्र गोष्ट अशी की जादा लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड काढून टाकतं, लोहासाठी तसा रस्ता नाही. ब्रिटनमधल्या मॅकन्स आणि विडोसन यांनी हे १९३७ मध्येच दाखवलं होतं. थोडंफार जातं ते झडणाऱ्या पेशींतून आणि रक्तस्रावातून. सुटं लोह पेशींना जाळतं, यकृत आणि हृदय बिघडवतं. बाहेर काढता येत नाही म्हटल्यावर सगळा पहारा आत येण्याच्या दारावरच ठेवावा लागतो.

ते दार म्हणजे फेरोपोर्टिन. पेशीच्या आतलं लोह बाहेर रक्तात सोडणारं आपल्याला माहीत असलेलं हे एकमेव दार. आतड्याच्या पेशीला ते आहे, तिथून अन्नातलं लोह रक्तात उतरतं. भक्षक पेशींना आहे, तिथून भंगारातलं. यकृताच्या पेशींना आहे, तिथून साठ्यातलं. जागा तीन, पण दाराचा नमुना एकच. त्यामुळे यकृताला तीन वेगळे हुकूम काढावे लागत नाहीत. एक हेप्सिडिन सोडलं की तिन्हीकडची शटरं एकाच वेळी खाली.

शटर खाली म्हटलं खरं, पण इथे उपमा जराशी लंगडी पडते. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं, मार्ग अडवतं, आणि मग पेशी त्या दारालाच आत ओढून विरघळवून टाकते. म्हणजे शटर पाडणं नाही, चौकटीसकट दार उखडून नेणं. पुन्हा उघडायचं तर नवीन दार बनवावं लागतं. हे २००४ मध्ये कळलं.

आतड्यात काय होतं तेही पाहू, कारण मावशीच्या गोळ्यांचं रहस्य तिथे आहे. गोळीतलं काही लोह आतड्याच्या पेशीत शिरतं, पण पलीकडे रक्तात जायचं दारच नाही. ते पेशीतच अडकतं. ही पेशी तीन ते पाच दिवसांत झडते आणि लोहासकट बाहेर पडते. बाकीचं तर पेशीत शिरतच नाही, सरळ खाली जातं. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना शौचाला काळं होतं ते यामुळेच. (डांबरासारखं चिकट, काळं आणि दुर्गंधी असेल तर मात्र आतून रक्तस्राव होतोय का ते डॉक्टरांना विचारायचं.) मावशीला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे मी दोन वर्षं पैसे फ्लश करून राहिली." अगदीच तसं नाही, पण फार चुकीचंही नाही.

बंद कशासाठी पुकारला?

साध्या दिवसांत यकृत समजूतदार असतं. साठा भरला की हेप्सिडिन वाढवतं, कमी झाला की घटवतं. गरोदरपणात मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत ते खूप खाली येतं, म्हणजे बाळासाठी आतड्याची दारं सताड उघडतात. पण यकृताकडे आणखी एक फोन येतो आणि तो आला की बाकीचे फोन ऐकू येत नाहीत. तो फोन दाहाचा, म्हणजे जंतूंशी लढताना अंगात उठणाऱ्या सुजेचा.

शरीरात जंतू शिरले की संरक्षक पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा संदेश रक्तात सोडतात. ताप आणणारे जे संदेश आहेत त्यांतलाच हा एक. यकृताला तो मिळाला की हेप्सिडिन भराभर बनू लागतं. एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना नुसतं इंटरल्युकिन-६ शिरेतून दिलं, जंतू वगैरे काही नाही. दोन तासांत त्यांच्या लघवीतलं हेप्सिडिन सरासरी साडेसातपट झालं आणि रक्तातलं लोह सुमारे एक-तृतीयांश उतरलं. मघाचा भागाकार आठवतो? गोदामं बंद झाली की रस्ते लगेच रिकामे होतात, ते असे.

पण का? कारण लोह जंतूंनाही हवं असतं. वाढायला, विभागायला, बहुतेक जंतूंना लोहावाचून चालत नाही. ते मिळवण्यासाठी अनेक जिवाणू चक्क लोहाला गळ टाकणारे रेणू बाहेर सोडतात, आपल्या ट्रान्सफेरिनवरचं लोह ओढून नेण्याइतके चिकट. तेव्हा गावात दंगल उसळली की व्यापारी जे करतो तेच यकृत करतं. आधी शटर पाड, माल आत घे, लुटायला रस्त्यावर काही ठेवू नकोस. दोन-चार दिवस कारखाना उपाशी राहिला तरी चालेल, १२० दिवस टिकणाऱ्या पेशी आहेतच की रस्त्यावर.

हा बंदोबस्त हलक्यात घेण्यासारखा नाही, हे जगाला झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर कळलं. हिवतापाच्या त्या भागात लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. लोह मिळालेल्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले, म्हणून लोहाचा भाग मध्येच थांबवावा लागला. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हेतू चांगला, औषध साधं, तरी असं. त्यानंतर हिवतापाच्या भागात मुलांना लोह द्यायचं तर हिवतापाचा बंदोबस्तही सोबत हवा, असा विचार पक्का झाला.

आणि एक खोच. क्षयाचा जिवाणू राहतो कुठे? भक्षक पेशींच्या आतच. म्हणजे लुटारूंच्या भीतीने शटर पाडावं आणि लुटारू गोदामात आधीच बसलेला असावा. अशा जंतूंपुढे हेप्सिडिनची युक्ती उलटी पडत असावी का, यावर संशोधकांचं डोकं अजून चालू आहे. मला हा भाग सगळ्यात आवडतो. शरीराची प्रत्येक हुशारी कुठल्या तरी जुन्या शत्रूसाठी घडलेली असते, आणि दुसरा शत्रू तिचाच फायदा घेतो.

साखर शोधताना सापडलेलं लोह

हेप्सिडिनचा शोध लागला तो सरळ रस्त्याने नाही. कॅलिफोर्नियात टोमास गांझ यांचा गट मानवी लघवीत जंतू मारणारी प्रथिनं शोधत होता. तिथे हे छोटं रेणू सापडलं. यकृतात बनतं म्हणून 'हेप', मारतं म्हणून 'सिडिन', असं नाव पडलं. (जंतू मारण्यात ते तितकंसं तरबेज नाही हे नंतर कळलं, पण नाव राहिलं.) जर्मनीतल्या दुसऱ्या गटाला त्याच सुमारास रक्तातून तेच मिळालं होतं. लोहाशी त्याचा संबंध आहे याचा ठसठशीत पुरावा मात्र पॅरिसमधून आला. तिथला गट साखरेच्या कारभाराशी संबंधित एक जनुक बंद केलेले उंदीर पाळून होता. उंदरांच्या यकृतात आणि स्वादुपिंडात लोह साचत चाललेलं दिसलं. साखरेशी त्याचा काय संबंध? शोधल्यावर कळलं की बंद केलेल्या जनुकाशेजारचं हेप्सिडिनचं जनुकही गप्प झालं होतं. पहारेकरीच नाही, म्हणून आतड्याची दारं उघडी आणि लोह आत येतच राहिलेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी उलटा प्रयोग केला, जास्तीचं हेप्सिडिन बनवणारे उंदीर. ती पिल्लं जन्मतःच इतकी पांढरीफटक होती की बहुतेक काही तासांत दगावली.

दोन प्रयोगांत चित्र पूर्ण. हेप्सिडिन नसेल तर लोहाचा पूर, हेप्सिडिन फार झालं तर लोहाचा दुष्काळ.

मावशीच्या बाबतीत गोष्ट एवढीच की तिच्या अंगातली दंगल अकरा वर्षं संपलेली नाही. संधिवातात जंतू नसतात, पण सांध्यांतल्या संरक्षक पेशी जंतू असल्यासारखाच इंटरल्युकिन-६ सोडत राहतात. यकृताला फरक कळत नाही. चार दिवसांसाठी असलेला बंद वर्षानुवर्षं चालतो. कबाडीवाले जुन्या पेशी गोळा करतात, लोह आत ठेवतात, गोदाम भरत जातं. म्हणून फेरिटिन वर. रस्ता रिकामा, म्हणून रक्तातलं लोह खाली. एकाच कागदावर कमी बी आणि जास्त बी, आणि दोन्ही खरं. यात आणखी भर पडते: दाहामुळे लाल पेशी जरा लवकर मरतात, आणि कारखान्याला कामाला लावणारं मूत्रपिंडाचं संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, कमी पडतं. जुनाट मूत्रपिंडविकार, क्षय, काही कर्करोग, यांतही थोड्याफार फरकाने हेच नाटक. मूत्रपिंडाच्या रुग्णांत तर हेप्सिडिन लघवीवाटे बाहेर जायचं तेही नीट जात नाही, म्हणून अनेकांना गोळीऐवजी शिरेतून लोह द्यावं लागतं.

अशा वेळी खरा इलाज लोह नसतो, दंगल शमवणं असतो. इंटरल्युकिन-६ चा संदेश अडवणारं टोसिलिझुमॅब नावाचं संधिवाताचं औषध दिलेल्या रुग्णांत हिमोग्लोबिन वर चढतं, लोहाची गोळी वाढवलेली नसतानाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे वाचून कोणी उद्या गोळ्या बंद करेल ही मला धास्ती आहे. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. त्यांतल्या खूपजणींचं गोदाम खरोखरच रिकामं असतं: पाळीतला रक्तस्राव, बाळंतपणं, जेवणात लोह कमी. त्यांना गोळी हवीच. अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणारी गोळी फेकू नका.

मग रिकामं गोदाम आणि बंद गोदाम ओळखायचं कसं? नुसतं हिमोग्लोबिन पाहून ओळखता येत नाही, दोन्हीत ते कमीच. फेरिटिन पाहावं, पण एकटं नाही, कारण दाहात ते आपोआप फुगतं. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच दोन रेषा आखल्या आहेत: निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता, पण संसर्ग किंवा दाह असेल तर ७० च्या खालीही कमतरताच धरा. मावशीचं २४०, दोन्ही रेषांच्या खूप वर. सोबत सीआरपी नावाची रक्ताची तपासणी केली की दाह आहे की नाही ते कळतं, तिचं ४८ होतं. आणि एक खूण लोक बघतच नाहीत, रिपोर्टवरचं टीआयबीसी. ते रस्त्यावरच्या गाड्या मोजतं. माल खरंच संपला असेल तर शरीर जास्त गाड्या रस्त्यावर काढतं, मिळेल तो कण उचलायला, म्हणून टीआयबीसी वाढतं. बंद असेल तर गाड्याही घरी बसतात, टीआयबीसी नॉर्मल किंवा कमी. अर्थात दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, संधिवातही आणि जठरातला रक्तस्रावही. तिथे डॉक्टरांनाच डोकं लावावं लागतं, इंटरनेटला नाही.

विदर्भात अजून एक पेच आहे. सिकलसेल. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपुरातल्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि आजही इथे कुणाच्या ना कुणाच्या नात्यात हा आजार सापडतो. त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून लवकर फुटतात. रक्त कमी दिसतं म्हणून लोह सुरू करावं, हा इथे घातक शॉर्टकट. पेशी फुटल्या तरी त्यांचं लोह बरंचसं शरीरातच राहतं, वरून वारंवार रक्त चढवलं की पिशवीगणिक २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत येतं, आणि बाहेर जायला रस्ता नाही हे आपण पाहिलंच. थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात, तर कारखाना स्वतःच यकृताला ओरडून सांगतो, माल पाठव, माल पाठव. तो ओरडण्याचा संदेश, एरिथ्रोफेरोन, २०१४ मध्ये सापडला. यकृत बिचारं हेप्सिडिन खाली आणतं आणि आधीच लोहाने भरलेल्या शरीरात आतडं आणखी लोह ओढू लागतं. म्हणून आपल्या भागात तरी, लोह न तपासता महिनोन्महिने गोळ्या चालू ठेवू नयेत. सिकलसेलची चाचणी झालेली नसेल तर आधी ती.

ज्यांना गोळी खरोखर हवी आहे त्यांच्यासाठी हेप्सिडिनने एक साधी युक्ती दिली आहे. गोळी घेतली की यकृताला वाटतं, बराच माल आला, आणि हेप्सिडिन जवळपास दिवसभर वर राहतं. दुसऱ्या दिवशीची गोळी मग बंद दारावर आपटते. स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गोळी घेणाऱ्यांत सरासरी १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांत २१.८ टक्के. पोटाचा त्रास होणाऱ्यांना डॉक्टर म्हणूनच हल्ली एक दिवसाआड घ्यायला सांगतात. गरोदरपणात मात्र स्वतःच्या मनाने वेळापत्रक बदलायचं नाही. गोळी सकाळी घ्यावी, कारण हेप्सिडिन दिवस चढतो तसं वाढत जातं. चहासोबत घेऊ नये, चहा लोहाला धरून ठेवतो. सोबत संत्र्याचा रस चालेल, त्यातलं क जीवनसत्त्व शोषणाला मदत करतं. नागपुरात राहून याची तरी तक्रार नको.

मावशीने कागद तिच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी लोहाची गोळी थांबवली आणि संधिवाताचं औषध बदललं. पाच महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, नवीन रिपोर्ट आला: सीआरपी ९, हिमोग्लोबिन १०.८. फेरिटिन उतरायला लागलं होतं. मी फोन केला तेव्हा ती लाडू वळत होती, अळिवाचेच.

"आता काहून?" मी विचारलं.

"बोटं वळून राहिली ना," ती म्हणाली. "म्हून."